मुरूम घराण्यातून येतात, डाग मात्र टाळता येतात



आपल्या आरोग्याच्या पाठात आपण रक्त कमी असणं, पाळी, बाळंतपण यावर नेहमी बोलतो. या वेळचा विषय तुम्हाला जरा हलका वाटेल. तो आहे वयात येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावरचे मुरूम. कोणी पुटकुळ्या म्हणतं, कोणी पुळ्या, पुस्तकात तारुण्यपीटिका म्हणतात. पण गटांच्या बैठका संपल्यावर, सह्या झाल्यावर, चपला घालता घालता मला हळूच विचारला जाणारा प्रश्न हाच असतो. "मॅडम, पोरगी तोंडाला ओढणी बांधूनच हिंडते, काय करू?" "पोरगा फोटो काढू देत नाही." आणि त्याच्या मागोमाग येतं ते वाक्य, "सासूबाई म्हणतात, आईवरच गेलीय."

या पाठात दोन गोष्टी समजून घेऊ. घराण्यातून नेमकं काय येतं, आणि आपल्या हातात काय उरतं. दुसऱ्या गोष्टीला जास्त जागा दिली आहे, कारण ती बरीच मोठी आहे.

मुरूम येतात कसे?

आपल्या कातडीत केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. चेहरा, छाती आणि पाठीवर त्या जास्त असतात. मूल वयात येऊ लागलं की शरीरातले हार्मोन्स वाढतात. मुलींमध्येही आणि मुलांमध्येही. त्यामुळे या ग्रंथी मोठ्या होतात, तेल जास्त बनवतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या कातडीचा बूच बसतो. तेल बाहेर पडायला वाट राहत नाही. कातडीवर मुळातच राहणारे जंतू त्या तेलात वाढतात, मग सूज येते, लाल होतं, पू भरतो.

सुरुवातीला नाकावर, कपाळावर बारीक पांढरे दाणे आणि काळे ठिपके दिसतात. काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. छिद्रातल्या बुचाला हवा लागली की तो काळा दिसतो. त्यामुळे तो घासून जात नाही. घासली तर फक्त कातडी सोलते.

बऱ्याच मुलींना हे दाणे पहिली पाळी यायच्या आधीच, दहा-अकराव्या वर्षी दिसू लागतात. तारुण्यात दहातल्या आठ-नऊ जणांना कमी-जास्त मुरूम येतातच. म्हणजे हा काही अपवाद नाही आणि कुणाचा दोषही नाही.

मग घराण्यातून काय येतं?

तेलाच्या ग्रंथी किती मोठ्या, छिद्रं किती लवकर बुजतात, सूज किती येते, जखम भरताना कातडी कशी भरते, या गोष्टींवर आईबापाच्या वारशाचा मोठा परिणाम असतो. इंग्लंडमध्ये जुळ्या बहिणींच्या दीड हजारांहून जास्त जोड्यांचा अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एकीला मुरूम जास्त आणि दुसरीला कमी, असा जो फरक बायकाबायकांत दिसतो, त्यातला सुमारे ८१ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. याचा अर्थ "आईला होते म्हणून मुलीला ८१ टक्के येणारच" असा नाही. अर्थ एवढाच, की आहार, धूळ, साबण यांच्यापेक्षा वारशाचं वजन जास्त.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा.

पहिली, वारसा दोन्हीकडून येतो. बापाच्या चेहऱ्यावर खड्डे असतील तर तोही वारसाच. मामा, आत्या, काका यांचे चेहरेही आठवून पाहा. "आईवर गेली" हे वाक्य अर्धंच खरं असतं, आणि ज्या सुरात म्हटलं जातं त्या सुरात तर पूर्ण चुकीचं.

दुसरी, वारशाने कल येतो. म्हणजे मुरूम लवकर सुरू होणं, जास्त येणं, जास्त वर्षं टिकणं, याची शक्यता वाढते. चेहऱ्यावरचे खड्डे मात्र बहुतेक वेळा सूज जास्त दिवस राहिल्यामुळे, गाठी दाबल्या-फोडल्यामुळे आणि उपचार उशिरा झाल्यामुळे पडतात. आपल्या पिढीला "लग्न झालं की जातात" असं सांगून बसवलं गेलं. मुलांच्या बाबतीत तसं करायची गरज नाही.

म्हणून घरात कुणाला मोठे मुरूम किंवा खड्डे असतील तर ती माहिती लपवायची नाही, वापरायची. अशा घरातल्या मुलाच्या चेहऱ्याकडे दहा-अकराव्या वर्षापासून लक्ष ठेवा आणि गाठी दिसायला लागल्या की थांबू नका.

डाग आणि खड्डा यांत फरक आहे

मुरूम बसल्यावर जो काळपट डाग राहतो, तो आपल्या सावळ्या कातडीवर जास्त दिसतो आणि बरेच महिने टिकतो. पण तो हळूहळू फिका होतो. उन्हाने तो गडद होतो, नखाने खरवडला तर आणखी वाढतो. खड्डा मात्र आपोआप भरत नाही. त्याचे उपचार शहरात होतात, पैसे लागतात आणि तरी पूर्ण भरेलच असं नाही. आपली सगळी धडपड हा खड्डा पडू नये यासाठी आहे.

रोजच्या सवयी: काय करायचं

सवयींनी वारसा पुसला जात नाही, हे आधीच सांगते. पण मुरूम वाढू न देणं, चिघळू न देणं हे सवयींनी जमतं.

तोंड धुणं. दिवसातून दोनदा, साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने. शेतातून किंवा खेळून घाम गाळून आल्यावर एकदा. यापेक्षा जास्त नको. सारखं धुतलं की कातडी कोरडी पडते, चुरचुरते. कपड्याचा साबण तोंडाला कधीच नाही. दगडाने, काथ्याने, जाड उटण्याने घासायचं नाही. हाताच्या बोटांनी अलगद धुवायचं आणि टॉवेलने टिपायचं.

केसांचं तेल. आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या मुलींचे केस तेलाने चप्प करून वेण्या घालायची पद्धत आहे. तेल कपाळावर ओघळतं, छिद्रं बुजतात आणि कपाळावर केसांच्या कडेने बारीक दाणे येतात. तेल लावायला हरकत नाही. ते केसांच्या टोकांना लावा, कपाळापासून दूर ठेवा आणि न्हायच्या आदल्या रात्री लावा. उशीचा अभ्रा आठवड्याला धुवा. काही मुलींच्या कपाळावरचे दाणे एवढ्यानेही कमी होतात.

ओढणी आणि स्कार्फ. उन्हात जाताना सुती कापड बांधणं चांगलंच, डाग गडद होत नाहीत. पण तेच घामट कापड चार दिवस वापरलं आणि हनुवटीवर घट्ट आवळलं तर घर्षणाने मुरूम वाढतात. रोज धुतलेलं आणि सैल बांधलेलं हवं.

हात लावणं. आरशासमोर उभं राहून फोडणं ही सगळ्यात वाईट सवय. खड्ड्यांची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. ओरडून ती सुटत नाही. पोरांचे हात नकळत जातात. नखं कापलेली ठेवा, आणि फोडू नये याचं कारण त्यांना समजावून सांगा. दाबल्यावर पू बाहेर येतो तेवढाच आतही ढकलला जातो, हे मुलांना पटतं.

झोप. दहावी-बारावीची मुलं मोबाईल घेऊन मध्यरात्रीपर्यंत जागतात. झोप कमी आणि ताण जास्त झाला की मुरूम भडकतात, असं दिसतं. परीक्षेच्या महिन्यात चेहरा बिघडतो तो यामुळेही.

खाण्याचं काय?

"पोटात उष्णता झाली", "रक्त खराब झालं", "शेंगदाणे खाल्ले", "आंबे खाल्ले" हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकतो. रक्त खराब होऊन मुरूम येत नाहीत. शेंगदाणे आणि गूळ बंद करून मुलीचं रक्त मात्र कमी होईल, कारण तिला लोह आणि प्रथिनं तिथूनही मिळत असतात.

पण खाण्याचा काहीच संबंध नाही असंही नाही. ज्या पदार्थांनी रक्तातली साखर झटकन वाढते ते पदार्थ सारखे खाल्ले की शरीरात इन्सुलिन वाढतं आणि तेलाच्या ग्रंथींना चालना मिळते. ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी १२ आठवडे साखर-मैद्याचे पदार्थ कमी करून प्रथिनं आणि भरड धान्याचा आहार घेतला, त्यांचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. अभ्यास लहान होता, पण दिशा दाखवणारा होता.

आपल्या घरात याचा अर्थ काय? पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटं, थंड पेयाच्या बाटल्या, सकाळी चहाबरोबर अख्खा बिस्किटाचा पुडा, हे कमी करायचं. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, पालेभाजी, एखादं फळ, हे वाढवायचं. यासाठी वेगळा खर्च नाही, उलट पाकिटांचे पैसे वाचतात. दुधाचा मुरुमांशी काही प्रमाणात संबंध दिसला आहे, पण वाढत्या मुलांचं दूध स्वतःच्या मनाने तोडू नका.

मुलग्यांच्या आयांनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. पोलीस भरती, सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं जिममधून प्रोटीनचे डबे आणतात. दुधापासून केलेल्या अशा पावडरीने काहींचे मुरूम वाढतात. आणि कुणी "बॉडी लवकर होते" म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या देत असेल तर त्यात स्टिरॉइड असू शकतं. पाठ, छाती आणि खांद्यावर अचानक मोठे मुरूम उठले तर मुलाला शांतपणे विचारा. हा प्रश्न फक्त चेहऱ्याचा राहत नाही, हृदयाचा आणि यकृताचाही होतो.

सगळ्यात मोठा धोका ट्यूबमध्ये आहे

ताईंनो, हा भाग दोनदा वाचा. बैठकीत मोठ्याने वाचला तर फारच चांगलं.

मुरुमांमुळे जेवढे चेहरे बिघडत नाहीत तेवढे चुकीच्या मलमांनी बिघडतात. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली ट्यूब, नायट्यावर दिलेलं मलम, शेजारणीने "मी लावते, बघ किती उजळले" म्हणून दिलेली क्रीम. यातल्या अनेकांमध्ये स्टिरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यांची नावं. ती ट्यूबवर इंग्रजीत लिहिलेली असतात. मुलांना वाचायला सांगा.

ही मलमं फसवतात. पहिल्या आठ-पंधरा दिवसांत लाली जाते, मुरूम बसतात, चेहरा उजळ दिसतो. मग मुलगी खूश होऊन महिनोन्‌महिने लावत राहते. हळूहळू कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आणि चुलीजवळ आग होते, गालावर लव वाढते आणि मुरूम पूर्वीपेक्षा जास्त येतात. लावणं थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. हे चक्र तोडायला कधी कधी वर्ष जातं.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरी ती सहज मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घरात कुणी अशी ट्यूब बरेच दिवस लावत असेल तर घाबरून फेकून देऊ नका. ट्यूब आणि तिचं खोकं घेऊन डॉक्टरकडे जा. ती कशी सोडायची हे तेच सांगतील.

बाजारात नाव-पत्ता नसलेल्या, गोरं करणाऱ्या क्रीमच्या डब्या मिळतात. अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे. पारा कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. उत्पादकाचं नाव, तारीख आणि त्यातले घटक छापलेले नसतील ती डबी घरात आणायचीच नाही.

घरगुती उपायांतही भान ठेवा. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यांनी कातडी भाजते आणि डाग उरतो. आपल्यातल्या काही गटांत उटणं आणि कडुनिंबाचा साबण बनतो. तो अंघोळीसाठी जरूर विका, पण "मुरूम बरे होतात" असं खोक्यावर छापू नका.

डॉक्टरकडे कधी आणि कुठे?

थोडे दाणे, ठिपके असतील तर सवयी सांभाळून दोन-तीन महिने पाहा. खालीलपैकी काही दिसलं तर थांबू नका:

• दुखणाऱ्या मोठ्या गाठी, पू, किंवा खड्डे पडायला सुरुवात
• घरात आई-वडिलांना खड्डे आहेत आणि मुलाचे मुरूम वाढत आहेत
• मुलीची पाळी फार अनियमित, हनुवटीवर राठ केस, वजन वाढणं (हा अंडाशयाचा म्हणजे पीसीओएसचा त्रास असू शकतो)
• सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाला मुरूम
• मूल शाळेत जात नाही, लोकांत मिसळत नाही, सारखं रडतं

सुरुवात आपल्या उपकेंद्रातून करता येते. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं करून द्यायला सांगा. हा सल्ला मोफत असतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक आहे का, याची आशाताईंकडे चौकशी करा. १० ते १९ वयाच्या मुलांशी तिथे एकांतात बोललं जातं. गरज पडली तर जिल्हा रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञ.

औषध दिलं तर हे लक्षात ठेवा

मुरुमांवर चांगली औषधं आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडॅपलीन ही नेहमी दिली जाणारी जेल. डॉक्टर सांगतील तसंच लावायचं, पण बायका सहसा जिथे अडखळतात त्या गोष्टी अशा:

• पूर्ण चेहऱ्याला हरभऱ्याच्या दाण्याएवढंच जेल. जास्त लावल्याने लवकर गुण येत नाही, फक्त आग होते.
• एकेका मुरुमावर ठिपके देऊ नका. मुरूम येतात त्या पूर्ण भागावर पातळ थर हवा, म्हणजे नवे येत नाहीत.
• पहिले काही दिवस कातडी कोरडी पडते, सालं निघतात. लगेच बंद करू नका. एक दिवस आड लावायचं का ते डॉक्टरांना विचारा.
• बेन्झॉइल पेरॉक्साइडने रंगीत टॉवेल आणि अभ्र्याचा रंग उडतो. पांढरा वापरा.
• गुण दिसायला सहा-आठ आठवडे, चांगला फरक पडायला तीन महिने. आज पेरलं आणि उद्या कणीस, असं पिकातही होत नाही.

मोठ्या गाठींसाठी डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देऊ शकतात. गरोदरपणात या गोळ्यांनी बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. त्यामुळे मुलीचं लग्न ठरलं असेल किंवा नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. एकीची चिठ्ठी दुसरीने वापरायची नाही, मग ती सख्खी बहीण का असेना. ॲडॅपलीनही गरोदरपणात लावायचं नसतं.

आणि आपली जीभ

औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे घरात काय बोललं जातं. "तोंड बघ कसं झालंय", "अशीला कोण करून घेणार", "नीट धूत नसशील", ही वाक्यं मुलं विसरत नाहीत. मुरुमांमुळे मुलामुलींत उदासी येते, हे डॉक्टरही मानतात. पाहुण्यांसमोर चेहऱ्याचा विषय काढायचा नाही. कुणी काढला तर आईने तिथल्या तिथे सांगावं, "आमच्या घरातच आहे ते, इलाज चालू आहे." एवढ्या एका वाक्याने मुलीचा जीव हलका होतो. तुमच्या स्वतःच्या चेहऱ्यावर खड्डे असतील तर तुम्हाला त्या वयात काय वाटायचं, तेही तिला एकदा सांगा.

पुढच्या बैठकीसाठी

बचत आणि कर्जाचे हिशेब झाल्यावर पंधरा मिनिटं काढा.

१. प्रत्येकीने घरात चेहऱ्याला लावली जाणारी ट्यूब, डबी, क्रीम सोबत आणावी. गटातली शिकलेली मुलगी किंवा सून त्यावरची नावं वाचेल. वर दिलेल्या तीन नावांपैकी एखादं असेल, किंवा 'आरएक्स' अशी खूण असून चिठ्ठी नसेल, तर ती ट्यूब बाजूला काढून ठेवा आणि आशाताईंना दाखवा. जी रोज वापरात आहे ती बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

२. चर्चा करा: आपल्या तरुणपणी मुरुमांवर काय काय लावलं होतं? त्यातलं काय आज मुलीला लावू देणार नाही?

३. गटातल्या किती घरांत दहा वर्षांच्या पुढची मुलं आहेत आणि त्यांच्या आई-वडिलांना मोठे मुरूम होते, ते मोजा. कुणाचं नाव लिहू नका, फक्त आकडा ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. आकडा बरा असेल तर उपकेंद्रात या मुलांसाठी एक दिवस मागून घेऊ. ती मागणी ग्रामसंघाच्या ठरावाने गेली की तिला वजन येतं. ठरावाचा मसुदा लिहायला मी येईन.

– तुमची क्षेत्र समन्वयक